तीन आणि चार नंबरची नळी

नागपूर,
मंगळवार

प्रिय विहंग,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला टाकशील, असं आधी वाटलं. मग वाटलं, नाही, उघडशील. बंद वस्तू तुला कधी सहन झाली नाही, मग तो डीप फ्रीजर असो की माझा डबा. फोन करणार होते, पण फोनवर मी विषय बदलते, हे तुला ठाऊक आहे.

येत्या शुक्रवारी अकरा वाजता माझा शेवटचा सेमिनार आहे. तो पार पडला की प्रबंध जमा करायचा. नाही पडला तर पाच वर्षं पाण्यात. विभाग तसाच आहे. आपले जीवशास्त्रवाले डावीकडे आणि मटेरियल सायन्सवाले उजवीकडे, सोयरीक जुळवायला आल्यासारखे अजूनही वेगवेगळे बसतात. सेमिनारची सांबारवडी अजून महाल भागातल्या त्याच दुकानातून येते. आणि प्रश्न संपेपर्यंत बोलणाऱ्यानं चहाला हात लावायचा नाही, हा नियमही तसाच. प्रयोगशाळेतले आपले नत्थूभाऊ त्याचा कप बशीनं झाकून कोपऱ्यावर ठेवतात. तुझा कप त्या दिवशी तसाच राहिला होता. तो मी धुतला.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तुझं काम किती सरळ होतं. जखमेवर बांधायच्या कापडाला चांदीच्या सूक्ष्म कणांचा लेप द्यायचा, त्यावर जंतू वाढवायचे आणि त्यांचा डीएनए तपासायचा. साध्या कापडावर, म्हणजे तीन नंबरच्या नळीत, तो अखंड राहायला हवा; लेपाच्या कापडावर, म्हणजे चार नंबरच्या नळीत, तुटायला हवा. आधी तीनदा तसंच आलं होतं. सेमिनारच्या पडद्यावर मात्र नेमकं उलटं दिसलं. उजवीकडून कोणीतरी विचारलं, तुमची चांदी जंतूंना टॉनिक देते का? सगळे हसले. मीही हसले, विहंग. भीतीनं हसू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आपल्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल का, नंबर कोणी टाकले? तू एक क्षणही न थांबता म्हणालास, "मीच टाकले सर. अदलाबदल होऊच शकत नाही." सरांचा चेहरा तेव्हाच बदलला. अदलाबदल नाही, म्हणजे आधीचे तीन निकाल बनावट, असा अर्थ त्यांनी काढला. समितीनं 'असमाधानकारक' लिहिलं, फेलोशिप थांबली, तू गावी खाप्याला परत गेलास. आता सावनेरच्या क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना पेशी शिकवतोस, असं तुझ्या बहिणीनं, काजलनं सांगितलं. तुझं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी केलं, आणि तुझं आधीचंच उत्तर आलं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे तेच.

गेल्या आठवड्यात फ्रीजर साफ करताना तुझ्या त्या नळ्यांचा जुना डबा सापडला. तीन आणि चार नंबरच्या नळ्या मी पुन्हा तपासल्या. चांदीचा अंश चारमध्ये नाही, तीनमध्ये निघाला; म्हणजे तीनमध्ये चारचं होतं आणि चारमध्ये तीनचं. फोटो सोबत आहे. तुझं काही चुकलं नव्हतं.

काजलच्या साखरपुड्यासाठी सरांना न सांगता तू दोन दिवस गावी गेला होतास. नळ्या मी सांभाळल्या होत्या, नंबरही मीच टाकले होते; तुझं जाणं कळू नये म्हणून तू सरांना 'मीच टाकले' म्हणालास. जाताना नत्थूभाऊंनी काळजी केली, तर तू त्यांना म्हणालास, "मोनालीचा हात चुकत नाही गा." नत्थूभाऊ मला म्हणाले होते, "चिकटपट्टीवर पेन्सिलीनं लिही वं, मार्कर टिकत नाही." मी हो म्हटलं आणि मार्करनंच लिहिलं. तुला माहीत आहे, मार्करची शाई स्पिरिटनं जाते. माझ्या ओल्या हातमोज्यानं दोन आकडे पुसले गेले. नळ्या हातातच होत्या. कोणती कुठली, हे मी अंदाजानं ठरवलं आणि आकडे पुन्हा लिहून टाकले. तुला काय, कोणालाच सांगितलं नाही.

आता खरं ते लिहिते. मला हे गेल्या आठवड्यात कळलं नाही. सरांनी "नंबर कोणी टाकले" विचारलं, तेव्हाच कळलं. मी दुसऱ्या रांगेत होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं. तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस, इतका तुझा माझ्यावर विश्वास होता. त्या विश्वासाच्या आड मी दोन वर्षं बसले आहे आणि मला स्वतःची लाज वाटते.

शुक्रवारी चौथं प्रकरण आलं की हे सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं आहे. पण मी असं याआधीही तीनदा ठरवलं होतं आणि तीनदा गप्प बसले. म्हणून हे पत्र. क्षमा मागायला नाही, ती तू दे की नको देऊ. नत्थूभाऊ उद्या खाप्याला येत आहेत, त्यांच्या हाती पाठवते, म्हणजे परत घेता येणार नाही. शुक्रवारी तू ये. पहिल्या रांगेत बस. मी तुझं नाव न घेता पुढे सरकले, तर उभा राहा आणि हे पत्र मोठ्यानं वाच. खाली सही केली आहे, फोटोच्या मागे तारीख आणि नळ्यांचे नंबर टाकले आहेत. आणि आकडे या वेळी पेन्सिलीनं लिहिले आहेत.

चहा बशीनं झाकून ठेवायला सांगते, दोन कप.

तुझीच, अजूनही भित्री,
मोनाली