पप्पांचं रक्त

दिगू बाळा,

काल रुपाली ताथवड्याहून एकटीच इथं काळेवाडीला आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. तुला मूल नको म्हणे. कॉलेजात शिकलेलं कुठलं जुनं संशोधन बायकोला ऐकवतोस. परदेशात कुणी एका घराण्याच्या पिढ्या तपासल्या आणि दारू, तुरुंग सगळं रक्तातूनच येतं असं लिहिलं. ते पुढं खोटं ठरलं, असं रुपालीच सांगत होती. सरांनी तुला तेही शिकवलं असेल की! तेवढंच बरं विसरलास.

"पप्पांचं रक्त माझ्यापाशीच संपू दे," म्हणालास. अरे, ह्यांनी दारूपायी जीव घालवला, पण तू कधी थेंबाला शिवला नाहीस. चिडलास की ह्यांच्यासारखं ताट सरकवतोस, ते बघून बघून. रक्तातून कुठून येणार? अनाथाश्रमातून तुला आणलं, तेव्हा तू मानही धरत नव्हतास.

मोठा झालास की सांगू, म्हणता म्हणता राहूनच गेलं. आता सांगितलं तर तुझ्या घरात पाळणा हलेल. पण ह्यांचं रक्त तुझ्यात नाही म्हटलं, की माझंही नाही, हे आलंच. म्हणून हा कागद तुला न धाडता घडी घालून माझ्यापाशीच ठेवतेय.

तुझी आईच