हेल्टर आणि स्केल्टर नावाचे दोन घोडे

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? (काठी वापरतेस ना? की कुणी आलं की दाराआड दडवतेस?) मी सुखरूप आहे, आणि हे अगदी मनापासून लिहितोय, कारण शनिवारी माझी अब्रू जाता जाता वाचली.

झालं असं, घड्याळांचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून मी वाचनालयात इंग्रजी शब्दकोश घेऊन बसतो हे तुला ठाऊकच आहे. ग्रंथपाल म्हणाले, "काका, इंग्रजीतल्या यमक जुळणाऱ्या जोडशब्दांवर तासभर बोला की!" मी हुरळून हो म्हटलं. विली-निली सोपा निघाला; जुन्या इंग्रजीतल्या 'इच्छा असो, नसो'चं ते गाठोडं. पुढे मात्र शब्दकोशानं हात वर केले. हेल्टर-स्केल्टर म्हणजे सैरावैरा, आला कुठून? नक्की माहीत नाही, बहुधा धावपळीच्या नादावरून. हिगल्डी-पिगल्डी म्हणजे अस्ताव्यस्त, मूळ? पुन्हा तेच. आता चाळीस वर्षं घड्याळं उघडलेला माणूस मी. आत रिकामी जागा दिसली की हाताला येईल ते चाक बसवल्याशिवाय चैन पडत नाही. (हे गिऱ्हाइकांच्या कानावर घालू नकोस.) दिलं लिहून, की हेल्टर आणि स्केल्टर हे एका गाडीवानाचे दोन उधळे घोडे. ग्रंथपालांनी ते छापून फळ्यावर लावलं!

शनिवारी पहिल्याच रांगेत इंग्रजीच्या निवृत्त बाई, मांडीवर जाडजूड शब्दकोश. माझ्या बोलण्यात घोडे आले तशा त्या उभ्या राहिल्या. "कुठल्या पुस्तकात सापडले हो हे?" पन्नास माणसं, त्यात मुलगा आणि सूनबाई. (घरात मी इंग्रजीचा जाणकार म्हणून मिरवतो, ते वेगळंच.) एखादं पुस्तकही बसवून द्यावं असं वाटलं, पण जीभ वळेना. म्हटलं, "बाई, घोडे बनावट आहेत."

बाई खो खो हसल्या. "अहो, मग सटरफटरमधला फटर कोण तेही सांगून टाका! मी मुलांना याहून मरतुकडे घोडे विकलेत." सगळी खोली हसली, सूनबाईसुद्धा. पुढचा अर्धा तास लोक अघळपघळ, लाडीगोडी असले शब्द सुचवत राहिले आणि मला बोलावंच लागलं नाही. मणभर ओझं उतरलं बघ.

तुझा,
धाकटा

ता. क. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

आणखी ता. क. "बनावट, पण बनवले कुणी?" असं बाईंनी नंतर विचारलं, तेव्हा मी घाबरून तुझं नाव सांगितलं. त्या फारच खूश झाल्या. पुढच्या महिन्याचं व्याख्यान तुझं आहे, फळ्यावर लागलंसुद्धा. नाही म्हणू नकोस. काळा घोडा हेल्टर, पांढरा स्केल्टर, एवढं पाठ करून ये.