परतीची ट्रंक

नांदेड, ५ जानेवारी १९४१

ती. सौ. प्रेमलाअक्कास,
इंदूचा सा. न. वि. वि.

बेळगावच्या घराची मागची पायरी आठवते? दिवेलागणीला आई तुझी वेणी घालायची आणि तू, तिच्या पुढ्यात बसून, माझी. गुंता ओढलास की मी कॉन्व्हेंटातल्या सगळ्या प्रार्थना एकदम म्हणायची. काल शाळेच्या व्हरांड्यात नुसती बसले होते, तर केसांतून तुझी बोटं फिरल्यासारखी वाटली.

आता काळजीचं. मी मुलकी नाही, म्हणजे निजामी मुलखाची कायमची रहिवासी नाही, म्हणून उन्हाळ्यानंतर शाळेतली नोकरी राहणार नाही. कचेरीतल्या सिद्रामप्पांनी वाटा समजावल्या. इथला जन्म हवा, किंवा मुलकी नवरा. नाहीतर पंधरा वर्षांचं वास्तव्य, आणि वर मॅजिस्ट्रेटपुढे हलफनामा, की परत जाण्याचा विचार सोडला आहे. वर्षं केव्हाच भरली. शपथेला गेलेही. साहेबांनी विचारलं आणि माझा हात सहीला पुढे होईना. खाटेखाली ट्रंक आहे, बेळगावला परतायचं म्हणून भरलेली. मार्तंडदादा तिथली माझी खोली अजून झाडून ठेवतो. खोटी शपथ कशी घेऊ?

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. तुझ्या मायेत अंतर नको.

तुझी इंदू

लातूर, १७ जानेवारी

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

जन्म काही पुन्हा घेता येत नाही. पण औशाचे शेषेराव विधुर आहेत, घरी देवणी बैलजोडी आहे. अक्षता पडल्या की झालीस मुलकी! हे म्हणतात, बैल लई गरीब हायत, शेषेरावाचं सांगता येत न्हाई.

थट्टा पुरे. मी अशीच मुलकी झाले. आमचा उद्धव आणि त्याची लेक तर जन्मानंच. पण इंदू, बेळगाव सोडलंस का, असं मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पोटभर रडले असते, आणि मग कदाचित सुटलंही असतं. अजून पहाटे उजवीकडे तिथल्या विहिरीचा रहाट ऐकू येतो. इथे त्या बाजूला भिंत आहे.

तुला निदान विचारताहेत. ट्रंक एकदा उघडून बघ. आणि काहीही ठरव, माझी धाकटीच राहा.

अक्का

नांदेड, ९ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

ट्रंक उघडली. दादाच्या शरदसाठी विणायला घेतलेला स्वेटर निघाला. शरदला आता मिशा आहेत. परतताना नेसायचं इरकली लुगडं घड्यांवर विरलंय. शाल आणि आईची फणी तेवढी धड आहे. उन्हात सगळं पसरून संध्याकाळपर्यंत बघत बसले.

काल सही केली. साहेबांनी विचारलं, मी विचार सोडला म्हटलं. आवाज माझाच होता. बाहेर शाळेची आया गुरम्मा थांबली होती. म्हणाली, रडू नका बाई, आता तुम्ही आमच्या झालात. मग विचारलं, आधी कुणाच्या होतात?

पहाटे स्वप्नात तीच पायरी दिसली. पण खाली गोदावरी वाहत होती, इथली.

भावजींना नमस्कार. आहे तो जिव्हाळा आटू देऊ नका.

तुझी इंदू

ता. क. स्वेटर उसवून लोकर शाळेतल्या मुलींना देते. शाल गुरम्माला, तिनं पांघरून पाहिलीच आहे. दादाला कळव, खोली त्याच्या लेकीला, चंद्रप्रभेला द्यावी, खिडकीची कडी मात्र जरा उचलून काढायची. ट्रंक उद्धवला. फणी तुला, पण ती मीच घेऊन येणार. सुटीत संध्याकाळी तुझ्या नातीला पुढ्यात बसव, आणि तुझ्या पाठीमागची आईची जागा माझ्यासाठी ठेव.