हिवराचे खिळे

६ जानेवारी २०२५, सोमवार

आले एकदाची करमाडला! नाशिकहून निघताना आईचा चेहरा बघवत नव्हता, जणू मी काळ्या पाण्यावर चालले होते. इथं तर सगळं झकास आहे. शाळा जालना रोडपासून चालत सात मिनिटांवर. प्रयोगशाळेला कुलूप नाही, कारण आत चोरण्यासारखं काही नाही. मुख्याध्यापक बद्रीनाथ सर इतके सज्जन की मी काहीही मागितलं तरी "करू की मॅडम" म्हणून मोकळे. शिपाई सांडूभाऊंनी पन्नाशी उलटलेली असूनही माझी पुस्तकांची खोकी एकट्यानं वर चढवली आणि चहालासुद्धा थांबले नाहीत.

खोली रईसाभाभींच्या घराच्या वरच्या मजल्यावर. त्यांचे मिस्टर कय्युमभाई शहरात, गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहेत, सकाळच्या बसनं जातात ते दिवेलागणीला परततात. मुलगी अदीबा एकोणीस वर्षांची, शहरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. तिनं माझा मायक्रोस्कोप बघितला आणि तासाभरात मी तिची 'संध्याबाजी', म्हणजे संध्याताई झाले. दोघींनी मिळून कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून पाहिला. भाभींनी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा वाढला, मी दोनदा मागून घेतला.

टेबल खिडकीशी लावलंय. डाव्या हाताला दार, दारातून थेट खाली उतरणारा जिना. समोर शेतं आणि बांधावर एकच मोठं झाड. पांढरट सालीचं, काटेरी. हिवर असावा.

१२ जानेवारी, रविवार

हिवरच आहे. जवळ जाऊन पाहिला आणि डोक्यात तिडीक गेली. बुंध्यात खिळेच खिळे! गंजलेले, वाकलेले, काही सालीनं गिळलेले. प्रत्येकाला दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला.

तिथं मनकर्णाबाई म्हणून एक सत्तरीची बाई दर शुक्रवारी बसते. हिवर तिच्या सासऱ्याच्या बांधावरचा. सांडूभाऊंनी सगळी पद्धत सांगितली. ज्याला दुखणं असेल त्यानं स्वतःच्या कपड्यातला दोरा काढून खिळ्याला गुंडाळायचा, तीन दिवस दंडाला बांधायचा, मग मुकाट्यानं इथं यायचं. मनकर्णाबाई दगडानं खिळा ठोकते. मागं वळून न बघता घरी जायचं. दुखणं झाडात राहतं. दमा, फेफरं, तोतरेपणा, काय वाट्टेल ते. एका बाईनं म्हणे नवऱ्याचा राग ठोकलाय, एकानं पोर गेल्याचं दुःख. हिंदू, मुसलमान सगळे येतात. मी हसले तर सांडूभाऊ ओशाळून दुसरीकडं बघायला लागले.

१९ जानेवारी, रविवार

आज खाली जेवायला बोलावलं होतं. विषय हिवराचा निघाला. रईसाभाभींनी हळूच विचारलं, की असा खिळा कुणी ठोकला तर त्यानं काय लई मोठा गुन्हा केला का. झालं, मी सुटले! झाडाला कशी जखम होते, बुरशी कशी आत शिरते, आणि शिकल्यासवरल्या घरात असल्या गोष्टी म्हणजे शरमेची बाब. चांगलं वीस मिनिटं बोलले. भाभी "हां, हां" म्हणत राहिल्या, अदीबा ताटाकडं बघत होती. मुलीवर छाप पडली असं वाटतंय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर मुलांना घेऊन रस्त्याकडेच्या कडुलिंबांवरचे जाहिरातींचे पत्रे आणि खिळे काढले. फक्त त्रेसष्ट खिळे निघाले. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात त्रेसष्ट खिळे काय मांडायचे? शेजारच्या गावातल्या शाळेनं गेल्या वर्षी तीनशे मांडले होते.

बद्रीनाथ सरांनी निक्षून सांगितलं होतं की हिवराला हात लावू नका, गावाचा प्रश्न आहे. दुपारी सगळे पांगल्यावर मी सांडूभाऊंना पक्कड आणि शिडी घेऊन यायला सांगितलं. झाड बघून त्यांनी हातच जोडले. "मॅडम, लई जणांचं दुखणं हाय त्याच्यात. माझ्यानं नाय व्हायचं." मग मीच चढले. ते बिचारे शिडी धरून, मान खाली घालून उभे राहिले. दोनशे अकरा खिळे! प्रत्येक भोकातून तांबूस डिंक यायला लागला, हाताला चिकटला. हात अजून दुखतायत, पण काम झालं.

२९ जानेवारी, बुधवार

खिळे सोड्याच्या पाण्यात उकळून, ब्रशनं घासून चकचकीत केले. दोरे सगळे मोरीतून वाहून गेले. लाल, हिरवे, एक जरीचा. पांढऱ्या कापडावर रांगेनं मांडले तर काय दिसतायत!

३१ जानेवारी, शुक्रवार

मधल्या सुट्टीत बांधाकडून आवाज आला. मनकर्णाबाई बुंध्याशी बसली होती, एकेका भोकात बोट घालत होती आणि प्रत्येक वेळी एक नाव घेत होती. बायका जमल्या होत्या. मी वर्गात आले आणि खिडकी लावून घेतली.

थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, बरंच वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

अदीबाला आज फेफरं आलं. कॉलेजला निघताना अंगणातच पडली. तोंडाला फेस, डोळे फिरलेले, टाचा फरशीवर आपटत होत्या. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी दिली. तीन मिनिटांनी थांबलं.

ती शुद्धीवर आल्यावर रईसाभाभी पायरीवर बसून रडल्या आणि मग सगळं बोलल्या. अदीबाला लहानपणी आठवड्याला दोन झटके यायचे. औषधं झाली, दवाखाने झाले. नवव्या वर्षी भाभींच्या सासूनं हिवराला खिळा ठोकून घेतला. दहा वर्षं एकदाही नाही. "आप हंसेंगे करके नहीं बोली मॅडम," असं म्हणाल्या त्या. मला!

मग त्यांनी विचारलं, खिळे कुणी काढले असतील.

मी म्हटलं, सांडूभाऊंकडं पक्कड होती म्हणे.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. मी ते परत परत आठवून बघतेय, दुसऱ्या कुणाचं असावं असं वाटतंय. पण माझंच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

किराणावाला सत्यम पुन्हा तोतरा बोलायला लागलाय. पुड्या बांधता बांधता रडतो. दूधवाल्याचा दमा परत आलाय. शाळेतल्या करुणाबाईंचा उजवा हात आजपासून उचलत नाही, त्यांनी डाव्या हातानं हजेरी घेतली. अकरा जण झाले. मी मोजतेय. मोजण्याची हौस माझीच ना.

बद्रीनाथ सरांनी सांडूभाऊंना ऑफिसात बोलावलं होतं, गावातले चौघे आले होते. मीही होते. सगळ्यांनी विचारलं, सांडूभाऊ गप्प. एकदा फक्त माझ्याकडं बघितलं. मी फळ्यावरचा सुविचार वाचत होते. त्यांना कामावरून बंद केलं.

बाहेर गाठून मी विचारलं, बोलला का नाहीत. म्हणाले, "तुम्ही नव्या हायेत गावात. माझ्या लेकीएवढ्या. तुमाला कुठं जागा राहील मग?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खरंच वाटलं. आणि तरी मी काही बोलले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मनकर्णाबाईकडं गेले. समजा ज्यानं काढले त्याला चूक कळली तर, असं आडवळणानं विचारलं. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. डिंकाचे डाग अजून गेलेले नाहीत.

म्हणाली, नवा खिळा चालतो. पण ज्यानं उपटला त्यानं दुखणेकऱ्याच्या घरी जायचं, समोर उभं राहायचं, तोंडानं सांगायचं की मी काढला, आणि आपल्या हातानं खिळा द्यायचा. नायतर झाड घेत नाय. "लाज धरून बसला, तर तोवर एखादं जाईल," म्हणाली. अदीबाचं नाव तिनं घेतलं नाही, पण रईसाभाभींच्या घराकडं बघूनच बोलली.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. झटके दिवसाआड येतायत, आणि दर वेळी लांबतायत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीनदा जिना उतरले. खिळा मुठीत. तिसऱ्यांदा तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत —

अदीबा एकटीच होती. हाताला फडकं. काल तव्यावर पडली. तिनंच मला विचारलं, बाजी, तुम्ही सायन्सवाल्या, खरं सांगा, हे खिळ्यामुळं तर नाही ना? मी म्हटलं, नाही गं वेडे, मेंदूतल्या विजेचा खेळ आहे. तिला इतका धीर आला. गळ्यातच पडली माझ्या.

खिळा माझ्या मुठीत होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. अन्न जात नाही. आरशात बघवत नाही. भाभी विचारतात, मॅडम, तबियत बरी नाही का — मलाच विचारतात —

दुःख ठोकता येतं. राग ठोकता येतो.

मग ही लाजही —

ओढणीतला दोरा काढलाय. दंडाला बांधलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी गेले. कुणी नव्हतं. मनकर्णाबाईला कशी बोलावणार? शाळेची शिडी लावून स्वतःच ठोकला, बुंध्याच्या मागच्या बाजूला, उंचावर. चार घाव. मागं वळून बघितलं नाही.

बांध ओलांडला आणि छातीतलं काहीतरी निघून गेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

छान झोप लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सांडूभाऊ रस्त्यात भेटले, मजुरीला जातात आता. हसून नमस्कार केला. त्यांनीच मान खाली घातली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी. मागची पानं वाचली. ही बाई एवढी का रडते? दोन वाक्यं तर सांगायची होती. आता सांगायला काहीच अडचण नाही. पण सांगावंसं वाटतही नाही. कशाला?

अदीबाला काल दोनदा आलं. मला दिसलं. पाहिलं मी.

कुठंतरी कळतंय की मला भीती वाटायला हवी. कुठं वाटायची ती जागा सापडत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारचे ३.०५. रईसाभाभी गुलमंडीला गेल्या आहेत, कय्युमभाईंसोबत येतील. जाताना मला सांगून गेल्या, जरा लक्ष ठेवा.

अदीबा मला हाक मारत जिना चढत होती. वरून पाचव्या पायरीवर पडली. इथून दारातून तिचा हात आणि अर्धा चेहरा दिसतो. निरीक्षण नीट नोंदवावं.

३.०८. थांबलेलं नाही.

३.११. पाच मिनिटांच्या वर गेलं तर जिवाला धोका. आठवीच्या वर्गाला मीच शिकवलंय. कुशीवर वळवायचं असतं. ती उताणी आहे.

३.१५. आवाज बदललाय. घशात काहीतरी अडकतंय.

३.१८. खिडकीतून हिवर दिसतो. मनकर्णाबाई खाली उभी, सांडूभाऊ शिडीवर. न विचारता ठोकलेला खिळा त्यांना सापडलेला दिसतो. उपटतायत. उपटू देत, मला त्याचं काही —

अदीबा

तेरा मिनिटं — मी इथं बसून — पेन धरून — तेरा —

ओठ निळे — अगं नाही, नाही गं —

ऊठ. ऊठ ना संध्या. पाच पायऱ्या — उठवत नाही — तिचा डोळा उघडा आहे, इकडंच बघतोय — तिच्यासमोर कुठल्या तोंडानं —

मी काढले. अदीबा, मी काढले, सांडूभाऊंनी नाही, मी, दोनशे अकरा, मांडायला, फक्त मांडायला —

लिहून नाही चालत. तोंडानं. समोर जाऊन. उठते. उठतेच आता, एवढं फक्त लि