तलवारवालीचा स्वभाव

ता. ६ जून

चि. चिमटीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, एक गुडघा सोडून.

शिंपीणबाईंच्या दुकानात काजं करत बसले होते, तेव्हा तुझं पत्र आलं. हातातलं टाकून वाचलं. सुई कुठे खोचली ते आठवेना, संध्याकाळी बाहीत सापडली. तू, दादा आणि त्याचे तीन मित्र रविवारी फासे टाकून राक्षसांशी लढता, हे वाचून इतका आनंद झाला की बाईंनाही वाचून दाखवलं. दादा गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. कोणी चोर, कोणी जादूगार, आणि आमची चिमटी तलवारवाली. बाई म्हणाल्या, शोभतं. मी म्हटलं, शोभणारच, नात कोणाची.

पुढे वाचलं आणि डोकं फिरलं. खेळाआधी प्रत्येकाने आपल्या सोंगाचा स्वभाव कागदावर लिहायचा असतो म्हणतेस. एक गुण, एक खोड, आणि जीव लावावा असं एक माणूस. बाकीच्यांनी आपापलं लिहिलं. तुझं दादाने भरलं, कारण तू ओट्यापाशी सगळ्यांचा चहा करत होतीस. गुण काय, तर सोशिक. खोड, रागावता येत नाही. माणूस, कोणी नाही, अनाथ. वर तू लिहितेस, चालतंय गं आजी, खेळच आहे.

काय चालतंय? सोशिक बाईला तलवार कशाला, भाजी चिरायला? आणि अनाथ कशी? मी काय मेले? लहानपणी दादाने तुझी बाहुली घेतली की असा चिमटा काढायचीस की त्याचा दंड आठवडाभर निळा असायचा. नाव उगीच पडलं नाही तुझं. ते सगळं खोडून टाक आणि तापट लिही. माणसाच्या जागी आजी लिही, आणि तिचे दात शाबूत ठेव, माझे नसले तरी.

संतापले आहे, तरी लोभ तेवढाच आहे.
आजी


ता. १४ जून

चि. सरकारांस,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

हुकूम सोडतोस म्हणून घरात तुला सरकार म्हणतात, ते तू फारच मनावर घेतलंस. तुझ्या धाकट्या बहिणीचं उत्तर आलं. तू कागद बदलू देत नाहीस. गोष्ट मध्यावर आली म्हणतोस, शिवाय तिचा मुळातच तसा स्वभाव आहे म्हणतोस. तलवारवालीला गढीच्या दारात घोडे राखायला उभं केलंस. बाकीचे आत खजिना लुटत होते, तेवढ्यात ही खरोखरची उठून कपबश्या विसळून आली. लाज कशी वाटली नाही रे? तिला आजच्या आज तापट कर. आता हा माझा हुकूम.

लोभ वाढवायचा की नाही, ते तू काय करतोस त्यावर.
आजी


ता. २३ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दादाने खेळाआधी सगळ्यांसमोर वाचलं, तुझा आवाज काढून. सगळे पोट धरून हसले. मग मोठ्या मनाने म्हणाला, आजीचा हुकूम, आजपासून ही तापट. पेन्सिल घेऊन त्यानेच खोडलं, त्यानेच लिहिलं. कागद माझा होता, आजी. मी समोरच बसले होते.

त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त तुझा आला. त्याने सोशिक म्हटलं, तू तापट म्हटलंस. तिला काय व्हायचंय हे तुम्हा दोघांपैकी कोणी मला विचारलं? मी तुला मन मोकळं करायला लिहिलं होतं. त्याला परस्पर दम द्यायला कोणी सांगितलं?

मी कागद ओढला, तो अर्धा फाटला. दादा म्हणाला, खेळायचं नसेल तर ऊठ. मी म्हटलं, खेळायचं आहे, चहा करायचा नाही. शेवटी चोर झालेल्या मित्राने उठून पातेलं गॅसवर ठेवलं. तेव्हापासून दादाचा अबोला आहे. आम्हा दोघांची खोली एक आणि किल्लीही एकच, त्यामुळे ती माझ्या हातात न देता दाराशी ठेवून तो दुसरीकडे बघतो.

मी नवा कागद भरला आहे. त्यावर काय आहे ते तुलाही सांगणार नाही. रविवारी मी खेळेन तेव्हा त्याला कळेल. उत्तर पाठव, पण स्वभाव सुचवू नकोस.

तुझीच, अजून रागात,
चिमटी


ता. ३० जून

चि. चिमटीस,
आशीर्वाद, घेणार असलीस तर.

आधी मीही भडकले. म्हटलं, जिचं नाक मी पुसलं ती मला जाब विचारते. दोरा दोनदा तुटला. बाईंना म्हटलं, ऐका, आमची नात मला काय लिहिते. वाचायला लागले तर माझा आवाज चढत गेला. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थांबलं. बाईंनी विचारलं, चिडलात की खूश झालात? मी म्हटलं, दोन्ही.

सरकारांना मी काही लिहीत नाही. त्याचं फुगलेलं तोंड तुझं तू बघ. नव्या कागदावर काय आहे तेही विचारत नाही. जीभ चावून बसले आहे, आणि दातांचं तर तुला माहीतच आहे.

तुझ्या पत्रात दोन ठिकाणी पेन आरपार गेलंय. पुढच्या वेळी कागद जाड घे. जोर कमी करू नकोस.

लोभ आहे, भांडण असलं तरी.
आजी