सायलीच्या मागं करमाडला

हिमानी,

सायलीच्या आईशी बोलायला करमाडला जातेय. वरण-भात झाकून ठेवलाय. तिचं कॉलेज बंद करून रविवारी लग्न लावताहेत. तिला न्यायला आलेले वडील इथं ऐकेनात. म्हणाले, "आज्जी, विहीर आटली. पुढच्या साली लग्नाला एवढंबी जमायचं नाय."

ती अभ्यासाला येत नाही म्हणून तू रुसलीस. अगं, नेमका त्याच वेळी, ती राहते त्या मामाच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो. ती रांगेत असते.

माझ्या वर्गातली अनसूया गणितात पहिली यायची. बहात्तरच्या दुष्काळात तिला अशीच उजवली. पुन्हा दिसली नाही.

सायली गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "हिमानीला सांगा, उतारावरून ठोकळा खाली घसरतो तेव्हा घर्षण वरच्या दिशेनं धर. उलटं धरती, म्हणून उत्तर चुकतंय तिचं."

आजी