जूनच्या फेरीला मी नाही

ख्वाई नदीकाठचा तळ,
गुरुवार, २४ एप्रिल १९९७

प्रिय लारोना,

तुला आणि मोदिसेला माझे आशीर्वाद. आमच्या शाळेत सिस्टर युफेमिया सांगायच्या, पत्रात आधी हवा लिहावी, मग प्रकृती, आणि मग धीर झाला तर बाकीचं. तेव्हा आधी हवा. पाऊस संपला. गवत अजून माणसाच्या डोक्याएवढं आहे, म्हणून पाहुण्यांना सिंह दिसत नाहीत आणि ते आमच्यावर रुसतात. पहाटे अंगावर शाल लागते. माझी प्रकृती उत्तम. गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखायचा.

पाहुणे गाडीतून संध्याकाळच्या फेरीला गेलेत. पातेल्यात पाव टाकलाय, झाकणावर निखारे ठेवलेत. तो होईपर्यंत लिहिते.

आज पहाटे एक गंमत झाली. पाहुण्यांच्या तोंड धुण्यासाठी तंबूंपुढे कापडी घमेल्यांत पाणी ठेवलं होतं. एक म्हातारा हत्ती आला आणि ओळीनं सगळी घमेली पिऊन गेला. एक डच बाई आहेत, योहाना म्हणून, माझ्याच वयाच्या. त्या तंबूच्या जाळीमागे टूथब्रश तोंडात धरून उभ्या. हत्ती गेल्यावर मला म्हणाल्या, "परपेच्युआ, साबण मात्र ठेवला हो त्यानं."

परपेच्युआ म्हणजे मीच. कंपनीत नवी मॅनेजर आली आहे, मिस हेलन. तिनं आम्हा सगळ्यांना छातीवर लावायला नावाच्या पट्ट्या दिल्या, बाप्तिस्म्याच्या कागदावर जे नाव असेल ते. शाळा सुटल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. आता सकाळपासून परपेच्युआ कॉफी, परपेच्युआ मीठ. रा-थुसो अजून आपली गाडी चालवतात, त्यांनी मात्र साफ नकार दिला. म्हणाले, "एवढं लांब नाव घेईपर्यंत चहा निवतो. मा-लारोना, साखर टाक."

योहानाबाईंनी ते ऐकलं. न्याहारीनंतर मी भांडी घासत होते, तिथे येऊन बसल्या. "हे तुम्हाला निराळंच काहीतरी म्हणतात."

"पहिलं मूल झालं की आमच्यात आईला त्याच्याच नावानं हाक मारतात," मी म्हटलं. "माझ्या मुलीचं नाव लारोना."

"कुठे असते?"

"गाबोरोनेला. नर्स आहे."

"मग येते का भेटायला?"

रा-थुसो शेजारीच चाक बदलत होते. मी ताट पुसलं आणि म्हणाले, "जूनमध्ये येणार आहे."

लारोना, खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं.

बाई गेल्या. रा-थुसोंनी पाना खाली ठेवला. "लेक येतेय? पत्र आलं?"

"नाही."

"निरोप?"

"नाही."

"मग हत्तीनं सांगितलं का तुला?" ते म्हणाले. मी पुढचं ताट घासायला घेतलं, तेव्हा हळू आवाजात पुढे म्हणाले, "जूनपासून पाहुण्यांची रांग लागते. चुलीपाशी कोण बसणार?"

"जूनच्या फेरीला मी नाही. मिस हेलनला कळवलंय."

"ती दुसरी बाई ठेवेल. एकदा ठेवली की तुला परत घेणार नाही. तुझ्या गुडघ्याकडे ती आधीच बघत असते."

"बघू दे."

त्यांनी पाना उचलून चाक आवळलं. "तुम्हा बायकांची कमाल आहे. आमंत्रण नाही, उत्तर नाही, आणि तयारी सुरू." पण दुपारी त्यांनी चुलीसाठी लाकडं स्वतः फोडून दिली.

आता ते बाकीचं लिहिते. ईस्टरला तुझी आत्या आली होती. चर्चमधून बाहेर पडताना तिनं सांगितलं, तुला दिवस गेलेत, जूनअखेरीस बाळंत होशील म्हणून. तू कळवलं नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. तू आत्यावर रागावू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक होतंच. खरं सांगू का, तू तिला सांगितलंस तेव्हा ते माझ्यापर्यंत येईल हेही तुला ठाऊक असणार, एवढी आशा मी धरली आहे.

मोदिसेच्या घरचे लोक लग्नाच्या देण्याची गुरं घेऊन येईपर्यंत तू आपल्या अंगणात पाय ठेवायचा नाहीस, असं तुझे वडील म्हणाले होते. त्यांच्या मयतीला तू आलीस, ती कुंपणापाशीच उभी राहिलीस आणि परत गेलीस. मी पाहिलं होतं. मला उठता येत नव्हतं, गादीवर बसवलेली विधवा मी. वर्षभर काळे कपडे घातले, ते उतरवले, आणि तुझ्या वडिलांबद्दल माझ्या मनात आजही मान आहे. गुरांचं काय ते तुझा मामा आणि मोदिसेचे काका बघतील, आज नाहीतर दहा वर्षांनी. पण बाळंतीण कुठल्या खोलीत राहते, हे आमच्यात पुरुष कधी ठरवत नव्हते. तुझे वडीलही मी तुला घेऊन माझ्या आईकडे होते तेव्हा तीन महिने बाहेरच्या झाडाखालीच बसून जायचे.

माउनच्या घरची खोली शेणानं सारवून घेतली आहे. आंबिलीसाठी ज्वारी निवडून ठेवली. बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून दारात आडवा ओंडका लागतो, तो तुझ्या मामानं मोपाने झाडाचा तोडून आणला. तोही रा-थुसोंसारखाच. "तिनं कळवलं का?" म्हणाला. मी म्हटलं, "लाकूड वाळायला वेळ लागतो."

बाळंतपण दवाखान्यातच कर. तू नर्स आहेस, त्यात मी काय सांगणार? नंतरचे तीन महिने तेवढे मला दे. मोदिसेलाही ये म्हणावं. त्यालाही झाडाखाली बसावं लागेल, पण दोन वेळा जेवण पोचेल. नोकरीचा विचार तू करू नकोस. मी केला आहे.

पावाचा वास सुटला, आणि लांबून गाडी येताना ऐकू येते आहे. थांबते.

मी एक जूनपासून माउनच्या घरी आहे. उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

पत्राची नाही, तुझी वाट बघणारी,
आई